गॅस्केट नवं, गळती जुनीच: इंजिन ऑइलची गळती आणि घरच्या दुरुस्तीतल्या चुका

प्रश्न: जुन्या पेट्रोल गाडीखाली ऑइलचे डाग पडायला लागले. टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची, कड ओली दिसली म्हणून त्याचं गॅस्केट (सांध्यात बसणारी सीलची पट्टी) घरीच बदललं. सोबत सिलिकॉनही भरपूर लावलं आणि बोल्ट चांगले आवळले. आठवड्याभरात गळती पुन्हा सुरू झाली, शिवाय एक बोल्ट आता नुसताच फिरतो. कुठे चुकलं? अशी कामं घरी करावीत की सोडून द्यावीत?

उत्तर: सोडू नका. तुम्ही सांगितलंय त्यात दुरुस्त न होण्यासारखं काहीच नाही. पण लगेच दुसरं गॅस्केट आणून बसवूही नका. पहिलं का टिकलं नाही हे कळेपर्यंत दुसरंही टिकणार नाही. ते कळायचा पुरावा तुमच्याकडेच आहे: आठवडाभर इंजिनवर राहिलेलं ते गॅस्केट. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी, तोवर गाडी चालवावी का? थेंब थेट जमिनीवर पडत असतील आणि डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये राहत असेल, तर रोज पातळी बघून चालवायला हरकत नाही. मात्र टॅपेट कव्हरमधून उतरणारं ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडत असेल, म्हणजे गाडी थांबल्यावर जळका वास येत असेल किंवा बॉनेटखालून धूर निघत असेल, तर गाडी उभी ठेवा. तिथे आग लागू शकते. आणि चालू इंजिनवर ऑइलचा लाल दिवा लागला तर बहुतेक गाड्यांत तो पातळीचा नसून प्रेशरचा इशारा असतो. अशा वेळी गॅरेजपर्यंत रेटत नेऊ नका. सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन लगेच बंद करा. ऑइलच्या प्रेशरशिवाय काही मिनिटं चाललेलं इंजिन कायमचं निकामी होऊ शकतं.

आता मूळ मुद्दा. कड ओली दिसली म्हणून गॅस्केट बदललं, असं तुम्ही लिहिलंय. ओली जागा आणि गळतीची जागा या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात. ऑइल खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, पंख्याच्या झोताने आणि पट्ट्यांच्या फिरण्याने भलतीकडे उडतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं ऑइल सिलेंडर हेडच्या पाठीवरून उतरतं आणि थेट इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापाशी, बेल हाउसिंगच्या तळाला थेंब होऊन लोंबतं. खाली वाकून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढा खटाटोप करूनही तोच थेंब त्याच जागी घेऊन आलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि दुखणं निघतं वरच्या गॅस्केटचं किंवा ऑइल प्रेशर स्विचचं.

म्हणून शोधाची सुरुवात साफसफाईने करायची. सगळ्यांना कंटाळवाणी वाटणारी ही पायरी मी कधीच गाळू देत नाही. इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि ब्रशने वरपासून खालपर्यंत सगळा मळ काढा. पाणी वापरायचं तर हलक्या धारेने, आणि त्याआधी अल्टरनेटर, एअर इनटेक आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने झाका. प्रेशर वॉशर नको. जोराचं पाणी कनेक्टरमध्ये आणि प्लगच्या खोबणीत घुसतं, मग गळती बाजूला राहते आणि मिसफायरचं नवं दुखणं मागे लागतं. सगळं कोरडं झालं की इंजिन चालू करा, दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या आणि टॉर्चने बघा. नंतर एक छोटी चक्कर मारून पुन्हा बघा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. तिच्या खालचं आणि मागचं सगळं ओघळ समजा. नजर पोचत नाही तिथे छोटा आरसा किंवा फोनचा कॅमेरा घाला.

गळती बारीक असेल तर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर हलकेच उडवा. पांढऱ्या थरावर ऑइलची रेघ कुठून उमटायला लागते ते स्वच्छ दिसतं. त्याहून खात्रीची रीत म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचा यूव्ही डाय. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत टाकायचा, गाडी थोडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची. गळणारी जागा पिवळी-हिरवी चमकते. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरणंही उपयोगाचं असतं. त्यावर थेंब कुठे पडले हे कळतंच, शिवाय गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का, याचीही शहानिशा होते. तपकिरी-काळं ते इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं, हिरवं-गुलाबी पातळ आणि गोडसर वासाचं ते कूलंट. एसी लावून फिरल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी हा बिघाड नसतो.

एक गोष्ट माझ्या मते तुमच्या बाबतीत मुद्दाम तपासायला हवी, कारण नवं गॅस्केट लवकर गळायला लागलं की माझा पहिला संशय तिच्यावर जातो: क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला, दाब. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली झिरपतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा वायू बाहेर सोडणारी छोटी झडप) आणि ब्रीदरच्या नळीवाटे इनटेकमध्ये ओढला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा नळी काजळीने तुंबली की आत दाब साठतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर सांध्यातून बाहेर ढकललं जातं. अशा इंजिनवर तुम्ही कितीही चांगलं गॅस्केट बसवा, ते गळेल. तिथे घट्ट बसलं तर दुसरं एखादं सील गळेल.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तोंडावर एक कागद ठेवा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत कागद हलका ओढला जातो, किमान उडून तरी जात नाही. वायूचे झोत बाहेर येऊन कागद उडत असेल तर दाब साठतोय. मग व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. साध्या बनावटीचा असेल तर आतली पिन खुळखुळते. चिकटला असेल तर तो बदला आणि त्याच्या नळ्या साफ करा किंवा नव्या घाला. हे करूनही झोत थांबले नाहीत तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे. त्याचा निवाडा कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन टेस्टने (सिलेंडर दाब किती धरतो याच्या चाचणीने) होतो, गॅस्केट बदलून होत नाही.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आलीच तर तेवढंच करा, पुन्हा सगळं पुसून दोन दिवस निरीक्षण करा. एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे फरक पडला, किंवा पडला नाही, ते कधीच कळत नाही. घरच्या दुरुस्तीत लोकांचं शिकणं अडतं ते नेमकं इथे.

आता कव्हर उघडा आणि ते आठवड्याचं गॅस्केट उजेडात धरा. त्याची कड बोटांखालून फिरवत पूर्ण फेरी मारा. बोल्टांच्या आसपास रबर चपटं होऊन बाहेर फुगलंय आणि दोन बोल्टांच्या मध्ये मात्र मूळ जाडीचंच आहे, असं दिसलं तर बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले गेले. कव्हर पत्र्याचं असेल तर त्याची कडही बोल्टापाशी आत दबलेली सापडेल. त्यावर सरळ पट्टी धरा. खड्डे दिसले तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोकून सपाट करा. रबर एका जागी कापलं गेलं असेल किंवा दुमडलं असेल तर ते बसवताना खोबणीतून निसटलं होतं. अंगभर सिलिकॉन लागलेलं आणि एका बाजूला सरकलेलं दिसलं तर सिलिकॉनवरून ते घसरलं. ओलं सिलिकॉन वंगणासारखंच काम करतं. आणि सगळीकडे सारखा, अखंड ठसा उमटला असेल तर गॅस्केट निर्दोष आहे. मग दाब, कव्हरला गेलेला तडा, वाकडं झालेलं प्लास्टिकचं कव्हर किंवा दुसरीच एखादी जागा शोधायला लागा. तुमचं पहिलं, जुनं गॅस्केट टाकून दिलं नसेल तर तेही शेजारी ठेवा. ते कडक होऊन वाकवताच तडकत असेल तर उष्णतेने आणि वयाने गेलं होतं, म्हणजे निदान बदलायचा निर्णय तरी बरोबर होता.

सिलिकॉनबद्दल मला जरा कडक बोलायचंय, कारण त्यापायी चांगली इंजिनं जाताना पाहिली आहेत. घडीव रबरी गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉन लागतं ते काही ठरावीक ठिकाणीच: टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात तो सांधा, कॅमच्या पुढच्या कॅपचे कोपरे, काही इंजिनांत अर्धगोल रबरी बुचाच्या दोन्ही कडा. तिथेही एक छोटा ठिपका पुरतो. जास्त लावलेलं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आतली रेघ ऑइलमध्ये तुटते, परतीच्या भोकांतून चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही. म्हणून आता कव्हर काढलंत की कडेने आत लोंबणारे सिलिकॉनचे धागे चिमट्याने एकेक काढा आणि हेडमधल्या भोकांत पडू देऊ नका. या आठवड्यात लाल दिवा एकदाही लुकलुकला असेल तर मी चेंबर उतरवून जाळी बघितल्याशिवाय ती गाडी चालवणार नाही.

सिलिकॉनचं आणखी एक म्हणजे वेळ. वरून साय धरली म्हणजे ते वाळलं असं नाही. बहुतेक प्रकारांना पूर्ण पक्कं व्हायला 24 तासांपर्यंत लागतात. ट्यूबवर लिहिलेलं असतं, ते पाळा. बसवून तासाभरात गाडी चालू करणं हे गळतीचं नेहमीचं कारण आहे.

पृष्ठभाग साफ करायला प्लास्टिकची पट्टी, जुनं फडकं आणि थोडं ब्रेक क्लीनर पुरे. हेड बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की उठलेली रेघ हीच पुढच्या गळतीची वाट होते. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या तर अजिबात नकोत. त्यांतून उडणारी बारीक कठीण पूड ऑइलमध्ये मिसळते आणि बेअरिंग खाते. ब्रेक क्लीनर गरम इंजिनावर मारू नका. उघड्या भोकांत कोंबलेली फडकी किती ते मोजून ठेवा आणि तितकीच बाहेर काढा. स्पार्क प्लगच्या खोबणीत ऑइल साचलं असेल तर ते शोषून घेतल्याशिवाय प्लग सोडू नका, नाहीतर सगळं सिलेंडरमध्ये जातं. ऑइल त्या खोबणीत आलंय याचा अर्थ बहुतेक इंजिनांत प्लगच्या नळीची सीलंही गेली आहेत. बाहेरची कड बदलून ही गोल सीलं जुनीच ठेवणं फार जण करतात.

आता आवळणं. टॅपेट कव्हरचे बोल्ट बहुधा 6 मिलिमीटर व्यासाचे असतात आणि त्यांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) अनेक गाड्यांत 8 ते 12 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. हा जोर किती कमी आहे ते हाताला कळायला हवं: छोट्या रॅचेटचं डोकं मुठीत धरून मनगटाने फिरवाल, जवळपास तेवढाच. चाकांचे नट आवळायचा मोठा टॉर्क रेंच इथे चालत नाही. त्याची मोजणीच बऱ्याचदा 30-40 न्यूटन-मीटरपासून सुरू होते आणि त्याचा 'टक' आवाज येण्याआधीच आटे गेलेले असतात.

एककाचा घोटाळाही तितकाच घातक. 10 न्यूटन-मीटर म्हणजे साधारण 89 इंच-पाउंड. हाच आकडा कुणी फूट-पाउंड समजून लावला तर बोल्टवर 120 न्यूटन-मीटर पडतात, म्हणजे हव्या त्याच्या बारापट. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटरही सापडेल. त्यातला 1 म्हणजे जवळजवळ 9.8 न्यूटन-मीटर. पान उघडल्यावर आकड्याआधी एकक वाचा.

सगळे बोल्ट आधी बोटांनी चढवा. धातूवर टेकवून आधी उलटं फिरवा. आटे जुळले की हलकीशी 'टप' अशी जाणीव होते, मग सुलट फिरवा. सुरुवातीपासूनच पाना लावावा लागत असेल तर बोल्ट तिरका चढतोय. नंतर मधल्या बोल्टांपासून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. अनेक कव्हरांच्या बोल्टांना खांदा असतो. तो टेकला की बोल्ट थांबतो आणि रबर बरोबर हवं तेवढंच दाबलं जातं. थांबल्यावरही जोर लावणाऱ्याला दाब जास्त मिळत नाही, आटे तेवढे जातात.

आणि तुमचे तसेच गेले आहेत. तो फिरणारा बोल्ट बाहेर काढा. त्याच्या आट्यांत चकचकीत ॲल्युमिनियमची गुंडाळी अडकलेली असेल तर भोकातले आटे निघाले आहेत. भोक बोल्टपेक्षा खोल असेल आणि तळाशी आटे शाबूत असतील, तर काही मिलिमीटर लांब बोल्ट चालू शकतो, फक्त तो तळाला टेकता कामा नये. नाहीतर हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, हा पक्का उपाय आहे. बोल्टच्या मापाचं आणि पिचचंच (आट्यांमधल्या अंतराचंच) किट घ्या आणि त्यातलंच ड्रिल व टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरा. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा, ड्रिल आणि टॅप दोन्हींना ग्रीस लावा म्हणजे किस त्यालाच चिकटतो, आणि आजूबाजूची भोकं बुजवून टाका. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा. स्प्रिंगसारखी इन्सर्ट पृष्ठभागाच्या किंचित खाली बसली पाहिजे. तिची शेवटची दांडी मोडल्यावर ती बाहेर काढायला विसरू नका. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असते. टेफ्लॉन टेप, गोंद, किंवा जाड बोल्ट जबरदस्तीने घुसवणं यातलं काही करू नका. ड्रिल सरळ धरायची सवय नसेल तर एवढं एक काम मशीन शॉपमधून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

बाकीच्या नेहमीच्या जागा थोडक्यात. ड्रेन बोल्टचं वॉशर बहुधा तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं आणि ते एकदाच दाबून घेण्यासाठी असतं. दर ऑइल बदलाला नवं घाला. ऑइल फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली का ते बघा. तिच्यावर नवा फिल्टर चढला तर इंजिन चालू होताच ऑइल भसाभसा बाहेर येऊ शकतं. फिरवून बसवायचा फिल्टर रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा, बस. प्रेशर स्विचच्या कनेक्टरमध्ये आत ऑइल दिसलं तर स्विच गेला. पातळी कमाल खुणेच्या बरीच वर असेल तर क्रँक ऑइलला फेस आणतो; तेव्हा आधी जादा ऑइल काढा.

गळती थांबवायच्या बाटल्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. त्या वाळलेली रबरी सीलं थोडी फुगवतात, त्यामुळे जुन्या क्रँक सीलचा बारीक पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फाटलेलं गॅस्केट, गेलेले आटे किंवा तुंबलेला पीसीव्ही यांवर त्यांचा काही उपयोग नाही. तुमच्या गाडीत टाकू नका.

काय घरी करावं याची माझी रेघ अशी: टॅपेट कव्हर, पीसीव्ही, फिल्टर, ड्रेन वॉशर, प्रेशर स्विच ही कामं घरी जरूर करा. चेंबर गाडीवर अवलंबून आहे. काहींत तो सहज उतरतो, काहींत इंजिन उचलावं लागतं. टायमिंगच्या आतली सीलं आणि क्रँकचं मागचं सील मात्र अनुभवी माणसाबरोबर केल्याशिवाय एकट्याने हातात घेऊ नका. आणि नुसती ओल, ज्यावर धूळ बसते पण थेंब कधी पडत नाही, तिच्यासाठी इंजिन उघडूच नये. फोटो काढून ठेवा आणि दर ऑइल बदलाला ताडून पाहा.

गाडीखाली जाण्याची वेळ आली तर सपाट, टणक जमिनीवर, चाकांना अडण लावून, गाडी जॅक स्टॅंडवर टेकवूनच जा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. हायड्रॉलिक जॅकचं एक सील सुटलं तरी गाडी खाली येते. वापरलेलं ऑइल कातडीला सतत लागू देऊ नका, हातमोजे घाला. आणि ते गटारात किंवा मातीत ओतू नका, जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

नवं गॅस्केट बसवून झालं की आयडलवर दहा मिनिटं चालवून टॉर्चने कड बघा, मग छोट्या चक्करीनंतर, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिला दिवसभर थोडा जळका वास येईल. मॅनिफोल्डवर आधी सांडलेलं ऑइल जळत असतं, आणि ते संपलं की वासही जातो. रबरी गॅस्केटचे बोल्ट नंतर 'अजून एकदा' आवळू नका. कॉर्कचं असेल तर एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क तपासायला हरकत नाही. शेवटची नजर चार-पाचशे किलोमीटरनंतर टाका. तेव्हा हेलिकॉइल घातलेल्या बोल्टाजवळची कड आधी बघा, तिथे ओल नसेल तर बाकीची.